उचलू लागायला माणूस

गवताचा भारा एकट्या माणसाला डोक्यावर घेता येत नाही. एकट्याला कापता येतो, बांधताही येतो, पण उचलायला समोर दुसरं माणूस लागतंच. एकानं इकडून हात घालायचा, दुसऱ्यानं तिकडून, मध्ये गुडघ्याचा टेकू द्यायचा आणि चुंबळीवर नेऊन ठेवायचा. म्हणून बायका वैरणीला जोडीनं जातात. जोडीला कोणी नसलं तर बांधावर उभं राहायचं आणि वाटेनं जाणाऱ्याला हाक मारायची, पावणं, जरा उचलू लागा की. ओळखीचा असो नसो, माणूस येतो. पेठ वडगावच्या आसपास तहानलेल्याला पाणी आणि बाईच्या डोक्यावर भारा, या दोन गोष्टींना कोणी नाही म्हटल्याचं ऐकिवात नाही.

बनाबाईला मात्र लोक नाही म्हणायचे.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी सासू, झुंबरबाई, उन्हाला पाठ देऊन डुलक्या घेत होती. नवरा पिराजी डेअरीला दूध घालायला गेला होता आणि सून मोना चुलीपुढं होती. बनाबाईनं वळचणीचा विळा काढला, पदराखाली घेतला आणि परसातनं ओढ्याकडच्या रानात उतरली. चोरी करायला निघाल्यासारखं तिचं काळीज उडत होतं. आपल्याच रानातलं आपलंच गवत कापायला चोरासारखं जावं लागतं, याचं तिला हसूही येत होतं आणि रागही.

उसाच्या कडेनं बांधावर कमरेएवढं गवत होतं. ती बसली आणि कापायला लागली. पहिली दोन-चार कवळं वेडीवाकडी निघाली, मग हाताला आठवलं. मूठ धरायची, विळा आत घालायचा, आपल्याकडं ओढायचा. पायाखाली ओल होती. गवताची पाती दंडाला चरे काढत होती आणि तिला ते बरं वाटत होतं. डाव्या बरगडीखाली वीतभर लांब टाक्याचा वण होता, तो थंडीत थोडा आखडायचा, बाकी त्याचं काही म्हणणं नव्हतं. डॉक्टरांनी तर पाच वर्षांमागंच सांगितलं होतं, तीन महिने जपा, मग सगळी कामं करा, एका किडनीवर माणूस म्हातारा होऊन मरतो.

तेव्हापासून पाच वर्षं झाली, पण घरच्यांचे तीन महिने अजून संपायचे होते.

भारा बांधून झाला. पदराची चुंबळ करून ती बांधावर उभी राहिली. बऱ्याच वेळानं गाडीवाटेनं केरबा सायकलवरून आला. केरबा म्हशींचा व्यापारी, जिभेला हाड नसलेला, पण मनानं वाईट नाही. तिनं हाक मारल्यावर तो सायकल आडवी टाकून लगबगीनं आलाही. भाऱ्याला हात घालणार, तेवढ्यात त्यानं तोंड बघितलं आणि हात मागं घेतला.

"वैनी, तुमी हाय व्हय," तो म्हणाला. "नगं बाबा. उद्या काय झालं-बिलं तर पिराप्पा माज्या दारात यील."

तिनं सांगितलं की काही होत नाही, नुसता हात लाव. त्यानं कानाला हात लावला. मग मोठा उपकार केल्यासारखा भारा एकट्यानं ओढत नेला, सायकलच्या कॅरेजवर आडवा बांधला आणि गावातनं घंटी वाजवत पुढं निघाला. बनाबाई मागनं रिकाम्या डोक्यानं चालत गेली. चुंबळ सोडायची राहिली होती, ती तशीच डोक्यावर. पारावरच्या माणसांनी बघितलं आणि हसू दाबलं.

घरी जे व्हायचं ते झालं. झुंबरबाईनं अख्खी आळी गोळा होईल एवढा आवाज काढला. ही बाई आम्हाला गावात तोंड दाखवू देत नाही, अर्ध्या अंगाच्या बाईला वैरणीला धाडतात म्हणून लोक शेण घालतील तोंडात, असं बरंच. पिराजीनं विळा उचलला आणि माळ्यावर, तिचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवला.

पिराजी तसा दुष्ट नव्हता, हे सांगायला हवं. बनाबाईच्या भावाला किडनी द्यायची वेळ आली तेव्हा झुंबरबाई उंबऱ्यात आडवी बसली होती. दिलेली लेक, तिचं अंग आता आमचं, माहेराला परत कशाला द्यायचं, असा तिचा सवाल होता. तेव्हा पिराजीच आईला ओलांडून बायकोला घेऊन गेला आणि पुण्याच्या दवाखान्यात जिथं सांगतील तिथं सह्या केल्या. पण परत आल्यावर सोसायटीच्या कट्ट्यावर कोणीतरी हसत हसत विचारलं, काय पिराप्पा, मेव्हण्याकडनं काय घेतलंस. उचलली जीभ लावली टाळ्याला. पिराजीच्या ते जे काळजात रुतलं ते निघालंच नाही. बायको डोक्यावर ओझं घेऊन दिसली तर लोक म्हणणार, आधी विकली आणि आता राबवतोय. म्हणून त्यानं तिला बसवली. घागर नाही, भारा नाही, भांगलण नाही. गल्लीतल्या बायकांचा पैरा असायचा, आज हिच्या रानात सगळ्यांनी भांगलायचं, उद्या तिच्या. त्या पैऱ्यातनंही तिचं नाव गळलं. उन्हात चक्कर येऊन पडली तर कोण निस्तरणार, असं बायका म्हणाल्या. सकाळी त्या खुरपी घेऊन दारावरनं जायच्या तेव्हा बनाबाईला हाक मारायच्या, बरं हाय न्हवं, आणि पुढं जायच्या. त्यांचं हसणं-खिदळणं ओढ्यापर्यंत ऐकू यायचं. मग दिवसभर घरात ती, सासू आणि कोंबड्या.

तिच्या वाटणीचं काम आता मोना करायची. विशीतली पोर, शिरोलीच्या कारखान्यातल्या नवऱ्याचा डबा करून, म्हशींचं शेणघाण काढून, पाणी भरून रानात जायची. ती कधी उलटून बोलली नाही. पण संध्याकाळी ती आपले तळवे दिव्याच्या उजेडात बघत बसली की बनाबाईला वाटायचं, यापेक्षा पोरीनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं. असून अडचण नसून खोळंबा म्हणतात, तशी आपली गत झाली, असं ती मनाशी म्हणायची. म्हणायला दुसरं कोणी नव्हतंही.

हे सगळं सोसायला तिला एकच आधार होता, माहेर. आईबाप केव्हाच गेलेले. भाऊ कृष्णात, तिच्याहून आठ वर्षांनी लहान, तिनंच कडेवर वाढवलेला. मलकापूरच्या पुढं डोंगराच्या पोटाला त्याची वाडी. ऑपरेशननंतर पहिल्या भाऊबिजेला तो आला, गोळ्यांनी तोंड सुजलेलं, ओळखू येईना असा. दुसऱ्या वर्षी आला तो बरा दिसत होता. तेव्हापासून आला नाही. पहिल्यांदा निरोप आला की डॉक्टरांनी गर्दीत जायला बंदी केलीय. पुढच्या वर्षी निरोप आला की एसटीचा वारा सोसत नाही. तिसऱ्या वर्षी निरोपही आला नाही.

पिराजीचं म्हणणं, वाटणी मागशील म्हणून भितोय, किडनी दिली ती आता जमीन मागंल असं बायकोनं भरवलं असंल. झुंबरबाईचं म्हणणं, काम झालं, आता बहीण कशाला लागतीया. बनाबाई दोघांनाही गप्प करायची. पण रात्रंदिवस तेच ऐकल्यावर दगडालाही ओल येते. आपलं माहेर आपणच दिलेल्या किडनीनं तोडलं की काय, या एका शंकेनं तिला पोखरलं होतं. यंदा तो आला तर आहे, नाही तर नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

भाऊबिजेला तिनं पहाटे अंघोळ केली. पोळ्या केल्या. कृष्णातला बाहेरचं पाणी चालत नाही म्हणून एक कळशी पाणी उकळून, गाळून, झाकून ठेवलं. ताटात कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. पाट मांडला. वडगावच्या स्टँडवरनं येणारी वडापची जीप गावात दर थोड्या वेळानं यायची, तिचा भोंगा वाजला की ती दारात यायची. दुसऱ्यांचे भाऊ उतरत होते. पिशव्या घेतलेले, नव्या टोप्या घातलेले. गल्लीभर पोळ्यांचा वास होता. दुपार कलली तशी मोनानं हळूच म्हटलं, आत्ती, तुम्ही चार घास खाऊन घ्या. तिनं नको म्हणून मान हलवली.

दिवस मावळायच्या बेताला केरबाचा टेम्पो आला. पहाटेच तो मलकापूरकडं म्हैस आणायला गेला होता. म्हैस उतरवता उतरवता त्यानं तिथनंच ओरडून विचारलं.

"वैनी, पावणं पोचलं न्हवं? सकाळी मलकापूरच्या स्टँडवर बसलेलं बगितलं की मी. नवी कापडं, मांडीवर पिशवी. म्हटलं आज बहिणीकडं स्वारी."

बनाबाई म्हणाली, अजून आला नाही. केरबाच्या लक्षात आलं की आपण काहीतरी चुकीचं बोललो. तो म्हशीच्या दाव्याशी झटापट करायला लागला. मलकापूरहून सकाळी निघालेला माणूस दोन गाड्या चुकल्या तरी एवढ्यात पोचला असता, हे लहान पोरालाही कळलं असतं.

तो निघाला होता. वारा सोसत होता, गर्दी चालत होती. फक्त इथं यायचं नव्हतं. कोणाकडं गेला असेल नव्या कापडात? ती पाटाजवळ जाऊन बसली.

पश्चिमेला उसाच्या वर चंद्राची नखाएवढी कोर दिसायला लागली. झुंबरबाई काठी टेकत आली आणि म्हणाली, "किती वाट बगणार? जा, चंद्राला ओवाळून घे आणि जेव."

ज्यांना भाऊ नाही, त्या बायका भाऊबिजेला चंद्राला ओवाळतात. ज्यांचा मेला, त्याही ओवाळतात. म्हातारीनं कदाचित सवयीनं म्हटलं असेल, पण बनाबाईच्या अंगावर ते कढत पाण्यासारखं पडलं. ती उठली, निरांजन विझवलं, ताट तसंच फडक्यात बांधलं.

"माजा भाऊ जित्ता हाय," ती म्हणाली. "माज्या किडनीवर जित्ता हाय. मी चंद्राला ओवाळनार न्हाय."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती निघाली. पिराजी गोठ्यात होता. त्यानं विचारलं, कुठं. तिनं सांगितलं. तो म्हणाला, अपमान करून घ्यायला एवढ्या लांब कशाला जातीस, तो इथंही होतोय. हे तो चिडून म्हणाला की कळवळून, ते तिला समजलं नाही. ती निघाली तसा तो मागनं जीपपर्यंत आला आणि तिच्या हातातली पिशवी काढून घेऊन स्वतः जीपमध्ये ठेवली. पिशवीत निरांजनाचं ताट आणि चार पोळ्या एवढंच होतं. तेवढंही तिनं उचलायचं नव्हतं.

वडगावहून कोल्हापूर, कोल्हापूरहून रत्नागिरी रस्त्याची गाडी. बांबवडे सोडल्यावर ऊस मागं पडला आणि भाताची खाचरं लागली. कुठं पिवळी उभी, कुठं कापून आडवी पडलेली. माणसं वाकलेली होती, बायका भारे घेऊन बांधावरनं ओळीनं चालल्या होत्या. बनाबाई खिडकीतनं बघत राहिली. लहानपणी ती या दिवसांत शाळा बुडवून भारे वाहायची. कृष्णात मागनं तिच्या परकराला धरून यायचा. बांध आला की ओरडायचा, आक्का, दमानं, बांध हाय. त्याला वाटायचं, आपणच तिला नेतोय.

वाडीत पोचायला दुपार झाली. भावजय शेवंता खळ्यावर भात झोडत होती. अंगावर धुरळा, केसांत तूस, कमरेला पदर खोचलेला. नणंदेला बघून तिच्या हातातली पेंढी तशीच राहिली.

"वन्सं," ती म्हणाली, "एकट्याच आलासा? एवढ्या लांब? कशापायी तरास घेतला?"

ती पळत घरात गेली, पाणी आणलं, घोंगडं अंथरलं, बसा म्हणाली, टेका म्हणाली, उशी आणते म्हणाली. तिच्या वागण्यात खोट नव्हती, पण भीती होती. काचेचं भांडं कुणी दुसऱ्याच्या घरातनं आणून आपल्या हातात द्यावं, तशी ती बनाबाईकडं बघत होती. बनाबाईनं सरळ विचारलं, काल कृष्णात कुठं गेला होता. शेवंतानं खाली बघितलं. म्हणाली, तुमच्याकडंच निघालेलं, दुपारी म्हागारी आलं, काही बोलत न्हाईत, जेवलंबी न्हाईत. मग म्हणाली, दरसाल असंच करत्यात. आता तुम्हीच विचारा, रानात हाईत.

घराच्या कोपऱ्यात एक वेगळा हंडा होता, फडकं बांधलेला. वेगळं ताट, वेगळा तांब्या. भिंतीच्या कोनाड्यात गोळ्यांचे डबे. दारात पोरं खेळत होती, ती कृष्णातचं नाव निघताच गप्प झाली. बाबांच्या अंगावर पडायचं न्हाय, थोरल्या पोरीनं धाकट्याला दटावलं. बनाबाईनं ते ऐकलं आणि तिला आपलं घर आठवलं.

खाचरं घरामागं उताराला होती. कापणीची माणसं जेवायला गेलेली. कापलेल्या भाताच्या पेंढ्या चिखलाळ रानात ओळीनं पडल्या होत्या आणि वर बांधावर ऐनाच्या झाडाखाली कृष्णात एकटाच बसला होता. अंगावर कालचाच नवा सदरा, नाकातोंडाला रुमाल, शेजारी पाण्याची बाटली आणि उघडी छत्री. स्वतःच्या रानात तो राखणदारासारखा बसला होता. चिमण्या हाकायला बसवतात, तसल्या लहान पोराचं काम.

तिला बघून तो उठला. त्याचा हात आपोआप पोटाच्या उजव्या बाजूला गेला, जिथं तिची किडनी बसवलेली होती, आणि तिथंच राहिला. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं नाही.

"आक्का, उभी ऱ्हाऊ नगंस," तो म्हणाला. "बस. सावलीत बस."

एवढ्या लांबनं काय काय बोलायचं ठरवून आलेली बाई, पण ते सगळं बाजूला राहिलं. पाच वर्षं जो भेटेल तो तिला बस म्हणत होता, आणि आता हाही. ती म्हणाली, मी बसायला आलेली नाही. काल स्टँडवर बसला होतास, गाडीत का बसला नाहीस ते सांग. वाटणीची भीती आहे का? तसं असलं तर आत्ता बोल, मी इथनंच माघारी जाते आणि पुन्हा तोंड दाखवत नाही.

वाटणीचं ऐकून तो दचकला. ते त्याच्या ध्यानीमनी नव्हतं, हे त्याच्या तोंडावरच दिसलं. मग रुमाल खाली ओढून तुटक तुटक तो बोलायला लागला. दुसऱ्या भाऊबिजेला तो आला होता, तेव्हाचं. दारातच झुंबरबाईनं त्याला ऐकवलं होतं, आता ह्या बाईला पाण्याची कळशीबी उचलवत न्हाय, कामाला बाई लावावी लागतीया, सगळं तुमच्यापायी. त्यानं आत बघितलं तर बहीण पाटावर बसलेली आणि शेजारची पोर पाणी भरत होती.

"भारा घिऊन पळनारी तू," तो म्हणाला. "तुला मी आशी करून ठिवली. तुज्या दारात कुठल्या तोंडानं येऊ? दरसाल निगतो. स्टँडवर जातो. गाडी लागली की पाय उचलत न्हाय."

बनाबाईला तो दिवस चांगला आठवत होता. भावाच्या अंघोळीला पाणी आणायचं म्हणून तिनं हौसेनं घागर उचलली होती आणि झुंबरबाईनं ती हातातनं हिसकून घेतली होती. पावण्यांच्या देखत अब्रू घालवतीस व्हय, म्हणून तिला पाटावर बसवलं होतं. ती पाटावर बसून रागानं धुमसत होती आणि हा दारातनं ते बघून गेला. गेला तो चार वर्षं आलाच नाही. तिच्या सासूच्या एका वाक्यानं, नाही विचारलं त्यानं, नाही सांगितलं तिनं, आणि चार वर्षांच्या भाऊबिजा वाऱ्यावर गेल्या. तिला हसावं की रडावं कळेना. तिला रागच आला, सासूपेक्षा त्याचा जास्त.

"मला उचलवत न्हाय आसं तुला मी सांगितलं हुतं?" तिनं विचारलं.

"तू बसलेली हुतीस."

"आणि तू? तूबी बसलायस की. तुला कुणी सांगितलं हितं बसायला? डाक्टरनं?"

डॉक्टरांनी त्यालाही केव्हाच सांगितलं होतं, धूळ-घाण जपा, गोळ्या चुकवू नका, बाकी झेपेल ते काम करा. तोच करत नव्हता. शेवटी त्यानं पोटावरचा हात दाबला आणि अगदी हळू बोलला.

"हे तुजं हाय, आक्का. मी वाकलो, काय उचललं, आणि ह्याला काय झालं तर? माजं सोताचं असतं तर इचार केला नसता. दुसऱ्याची वस्तू मोडल्यावर पुन्ना कुणाकडं मागायची?"

बनाबाईला आता कळलं. हा पाच वर्षं आपल्या किडनीला धरून बसलाय, पोर जसं उसनं आणलेलं खेळणं धरून बसतं, खेळतही नाही आणि खालीही ठेवत नाही. आणि आपण तिकडं पाटावर. एकाच आईच्या पोटची दोन माणसं, दोन्हीकडं माणसांनी भरलेलं घर, आणि दोघंही एकेकटी.

तिला काही शहाण्यासारखं बोलता आलं असतं तर ती बोलली असती. ते तिला जमत नव्हतं. तिनं पायातल्या चपला काढल्या, लुगड्याचा ओचा वर खोचला आणि खाचरात उतरली. चिखल गार होता. तिनं पेंढ्या गोळा केल्या, एकीवर एक उलटसुलट रचल्या, पेंढ्याचाच दोर वळला आणि गुडघा देऊन आवळून भारा बांधला. लहान बांधावा असं तिच्या मनात आलं होतं, पण हात ऐकेनात, चांगला थोराड झाला. कृष्णात वरनं आक्का, आक्का करत होता. तिनं पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि भाऱ्याच्या या बाजूला उभी राहिली.

"ये," ती म्हणाली. "उचलू लाग."

"नगं, आक्का."

केरबाचेच शब्द. तिला वाटलं आता आपण इथंच या चिखलात खाली बसणार आणि मग आपल्याला कोणी उठवू शकणार नाही. "किस्ना," ती म्हणाली, "दोन दीस झालं, बांधावर हुबी हाय. सगळं गाव न्हाय म्हणतंया. तूबी न्हाय म्हण, मी जाते."

खालच्या वाडीकडनं झोडणीचा आवाज येत होता, थांबत थांबत. मग त्यानं छत्री मिटली, चपला काढल्या, नवा पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि चिखलात पाय टाकला. पाच वर्षांत शेतात पाय टाकला नव्हता, ते त्याच्या चालण्यावरनं कळत होतं. तो भाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला आला. पोटावरचा हात काढायला त्याला वेळ लागला. मग दोन्ही हात त्यानं भाऱ्याखाली घातले.

ती म्हणाली, उचल. भारा वर आला, तिच्या गुडघ्यावर टेकला. त्याचा श्वास तिच्या तोंडावर आला, गोळ्यांचा कडवट वास असलेला. दुसऱ्या हिसक्याला भारा चुंबळीवर बसला. मान एकदा आत गेली, मग सरळ झाली. ओल्या भाताचं ओझं टाळूपासून टाचेपर्यंत उतरलं आणि पाय चिखलात घट्ट रुतले. बरगडीखालचा वण जरासा ताणला, बस्स. किती दिवसांनी आपण पूर्ण आहोत असं तिला वाटलं.

ती चालायला लागली. लोंब्या डोळ्यांपुढं लोंबत होत्या, त्यांच्या आडनं दोन पावलांपुरतीच वाट दिसत होती. परवा परत जायचं होतं. विळा माळ्यावर होता, पाट तिथंच होता, बांधावर कोणी उचलू लागेल याची काही खात्री नव्हती. ते तिला सगळं माहीत होतं. खळ्यावर शेवंता ओरडणार होती, तेही माहीत होतं. ओवाळायचं राहिलं होतं, ते ताट भावाच्या घरी पिशवीत होतं.

मागं काही आवाज येत नव्हता. तो तिथंच उभा राहिला असेल, की झाडाखाली जाऊन बसला असेल? डोक्यावर भारा असला की मान वळवता येत नाही. मागं कोण आहे, नाही, ते चालतानाच समजून घ्यायचं असतं. ती तशीच चालत राहिली. खाचर संपत आलं तेव्हा तिला चिखलातनं पाय उपसल्याचा आवाज आला, जरा लांबनं, मग जवळनं.

"आक्का," तो मागनं म्हणाला, "दमानं. बांध हाय."

पाच वर्षं सगळे तिला दमानं म्हणत होते, पण बसलेल्या बाईला. तिनं पायानं चाचपून बांध शोधला आणि भाऱ्यासकट वर चढली.